हायडेलबर्ग एका दिवसात, दुखऱ्या गुडघ्यांसह

प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा सप्टेंबरच्या मध्यात फ्रँकफर्टला येणार आहेत. बाबा सत्तरीचे, सपाट रस्त्यावर चालतात, पण जिने आणि उतार म्हटलं की गुडघे बोलतात. आई निवृत्त विज्ञान शिक्षिका. दोघंही शाकाहारी. एका दिवसात हायडेलबर्गचा किल्ला, जुना पूल, 'तत्त्वज्ञांची वाट' आणि विद्यापीठ हे सगळं जमेल का, आणि किल्ल्यावर चालत गेलं तर किती वेळ लागेल?

चालत जायला वीस मिनिटं लागतात, पण तुमच्या बाबांनी चालत जाऊ नये. अडचण खरं तर वेळेची नाहीच. हायडेलबर्ग लहान आहे, आठ तासांत आरामात होतं. अडचण उंचीची आहे. नेकार नदी ओडेनवाल्डच्या डोंगरांतून बाहेर पडून ऱ्हाइनच्या मैदानात शिरते, नेमक्या त्या तोंडावर हे गाव आहे. जुनं शहर म्हणजे दक्षिण काठावरची एक लांबट, चिंचोळी, सपाट पट्टी. तिच्या पाठीशी कोनिगश्टूलचा डोंगर आणि त्याच्या अंगावर किल्ला. समोरच्या काठावर हायलिगेनबेर्गचा डोंगर आणि त्याच्या अंगावर तत्त्वज्ञांची वाट, म्हणजे फिलोझोफेनवेग. तुमच्या यादीतल्या चार गोष्टींपैकी दोन सपाटीवर आहेत आणि दोन समोरासमोरच्या दोन डोंगरांवर. यादीच्या क्रमाने गेलात तर दोनदा चढणं आणि दोनदा उतरणं होतं. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, आणि लोक हिशेब फक्त चढाचा करतात.

म्हणून माझी पद्धत अशी: वर जायचं ते चाकांवर, आणि दिवसातून एकदाच. सकाळी आधी वर, मग खाली, मग दिवसभर खालीच. दुसरा डोंगर सोडून द्यायचा. त्याच्याबदली काय घ्यायचं ते पुढे येईल, आणि त्यात काही गमावल्यासारखं वाटणार नाही.

आता स्टेशनपासून सुरुवात करू, कारण पहिली फसगत तिथेच होते. फ्रँकफर्टहून थेट जलद गाडीने साधारण तासाभरात पोहोचता. काही गाड्यांना मानहाइमला बदलावं लागतं आणि तिथून पुढे पाव तासाचा प्रवास असतो. आई-बाबा सोबत असताना थेट गाडीच निवडा, दहा-पंधरा युरो जास्त पडले तरी. प्रादेशिक गाडी डार्मश्टाटवरून जाते आणि दीड तासाच्या आसपास घेते. तिच्यात बसताना डब्यावरच्या पाटीवर हायडेलबर्गच लिहिलं आहे ना, हे पाहून घ्या. स्वस्तातलं आगाऊ तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. सकाळचं तसं घ्यायला हरकत नाही. परतीचं मात्र मोकळं ठेवा. थकलेल्या माणसाला गाडीसाठी पळवण्यात काही अर्थ नाही.

गाडीतून उतरल्यावर समोर जुनं शहर दिसेल अशी लोकांची अपेक्षा असते आणि दिसतात काचेच्या ऑफिस इमारती. जुनं स्टेशन गावाच्या बरंच जवळ होतं. पण तिथे गाड्यांना आत येऊन परत उलट जावं लागे, म्हणून १९५५ मध्ये ते पश्चिमेला हलवलं. त्यामुळे आजच्या स्टेशनापासून जुन्या शहराचं नुसतं पश्चिमेकडचं टोकच दीड-पावणेदोन किलोमीटरवर आहे आणि किल्ल्याचा पायथा तीनेक किलोमीटरवर. हे अंतर चालायचं नाही. बाबांच्या गुडघ्यांतली सकाळची ताकद तिथे खर्च झाली तर दिवस संपला.

स्टेशनसमोरून ३३ नंबरची बस घ्या आणि 'राटहाउस/बेर्गबान' थांब्यावर उतरा. किल्ल्यावर जाणाऱ्या दोरगाडीचं खालचं स्थानक तिथेच आहे. दुसरा पर्याय म्हणजे एस-बान, म्हणजे तिथली लोकल गाडी. ती डोंगराखालच्या बोगद्यातून काही मिनिटांत 'आल्टश्टाट' स्टेशनला पोहोचवते, पण तिथून सपाटीवर पाऊण किलोमीटर मागे चालत यावं लागतं. बाबांसाठी बस. तुमच्याकडे डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभरच्या स्थानिक वाहतुकीचा मासिक पास, असेल तर ते बसला चालतं. आई-बाबांसाठी स्थानिक दिवसाचं तिकीट घ्या. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत माणसं घालता येतात आणि प्रत्येक वाढीव माणसाला भाव कमी पडतो.

दोरगाडीला तिथे बेर्गबान म्हणतात. तिचे दोन टप्पे आहेत आणि गोंधळ त्यातूनच होतो. खालचा टप्पा १८९० चा: कोर्नमार्क्ट, श्लोस म्हणजे किल्ला, आणि मोल्केनकूर. डबे नवे आहेत, दर दहाएक मिनिटांनी गाडी असते. वरचा टप्पा १९०७ चा: मोल्केनकूरपासून कोनिगश्टूलच्या माथ्यापर्यंत, ५६८ मीटर उंचीवर, जुन्या लाकडी डब्यांतून. किल्ल्याच्या प्रवेश तिकिटात खालच्या टप्प्यातला किल्ल्यापर्यंतचा जाण्या-येण्याचा प्रवास धरलेला असतो. वरच्या टप्प्याचे पैसे वेगळे. काही जण खाली नुसतं गाडीचं तिकीट काढतात आणि वर गेल्यावर किल्ल्याचं पुन्हा काढतात. तसं करू नका, खालच्या स्थानकावरच 'श्लोसतिकीट' मागा. माणशी दहा युरोंच्या आसपास पडतं, नेमका भाव आदल्या दिवशी पाहून ठेवा. त्याच वेळी दोरगाडी चालू आहे ना, हेही पाहा. देखभालीसाठी ती अधूनमधून काही दिवस बंद असते. तसं असेल तर सरळ टॅक्सी करा, ती वरपर्यंत जाते.

चालत जायच्या दोन वाटा आहेत. 'बुर्गवेग' म्हणजे दगडी फरसबंदीचा तीव्र चढ आणि 'कुर्त्सर बुकेल' म्हणजे ३१५ पायऱ्या. पर्वतीच्या १०३ पायऱ्या धरल्या तर ही पर्वती लागोपाठ तीनदा. तरुण मंडळी हौसेने चढतात आणि चढावंही. पण उतरताना बुर्गवेगचे दगड पाऊस पडल्यावर निसरडे होतात, म्हणून धडधाकट माणसालाही मी 'चढा हवं तर, उतरताना गाडी घ्या' असंच सांगतो.

वर साडेनऊ-पावणेदहाला पोहोचण्याचा प्रयत्न करा. अकरानंतर पर्यटक बस आणि नदीवरच्या क्रूझ बोटींचे गट येऊ लागतात आणि आवारात उभं राहायला जागा शोधावी लागते. वर पोहोचलात की लगेच दारातून आत जाऊ नका. आधी बाग ओलांडून पूर्वेच्या टोकाला शेफेल गच्चीवर जा. वाट जवळजवळ सपाट, बसायला बाकं आहेत आणि बागेला तिकीट नाही. आधी तिथे जायचं कारण उजेड. तुम्ही किल्ल्याच्या पूर्वेला उभे असता, सकाळचं ऊन तुमच्या पाठीवरून लाल वालुकाश्मावर पडतं, आणि किल्ला, शहर, नदी असं सगळं एका चौकटीत येतं. दुपारी तीच जागा उलट्या उजेडात निस्तेज दिसते.

त्या वाटेवर एक फुटलेला बुरूज लागतो. त्याची अख्खी बाजू सुटून खंदकात आडवी पडली आहे, आणि भिंतीची जाडी, सुमारे साडेसहा मीटर, उघडी दिसते. हा किल्ला पडका का, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. फाल्त्स म्हणजे हायडेलबर्ग राजधानी असलेलं जुनं संस्थान. त्याच्या शासकाचा वंश १६८५ मध्ये खुंटला. त्या घराण्यातली लीझेलोटे फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या भावाला दिली होती, त्या नात्यावर लुईने प्रदेशावर हक्क सांगितला. मग युद्ध झालं. फ्रेंच सैन्याने १६८९ मध्ये आणि पुन्हा १६९३ मध्ये शहर आणि किल्ला उद्ध्वस्त केला, बुरूज सुरुंग लावून उडवले. पुढे १७२० मध्ये दरबारच मानहाइमला गेला. पुन्हा बांधायचं मनात आलं तेव्हा १७६४ मध्ये वीज पडून आग लागली. त्यानंतर गावकरी घरं बांधायला किल्ल्याचे दगड नेऊ लागले. एकोणिसाव्या शतकात शार्ल द ग्रेंबेर्ग नावाचा एक फ्रेंच सरदार इथे राहायला आला, त्याने ही लूट थांबवण्यासाठी आयुष्य घातलं. फ्रेंचांनी पाडलं आणि एका फ्रेंच माणसाने वाचवलं, ही गोष्ट इथले वाटाडे सांगितल्याशिवाय राहत नाहीत. फ्रेंचांनी १६९३ मध्ये लावलेली आग खालच्या शहराचंही रूप ठरवून गेली. रस्ते मध्ययुगीन आखणीचे आणि घरं अठराव्या शतकातल्या बरोक धाटणीची, हे मिश्रण त्यातून आलं. बाजारचौकातलं १५९२ चं 'रिटर' हे घर त्या आगीतून वाचलं, म्हणून ते इतरांपेक्षा वेगळं दिसतं.

आत आवारात दगडगोटे आहेत, खडबडीत. बाबांचे बूट जाड तळाचे असू द्या. चामड्याच्या गुळगुळीत तळाचे नकोत. व्हीलचेअर नेता येते, पण तिचे धक्के बसणाऱ्याच्या कंबरेला जाणवतात. आवारात उभं राहून दोन दर्शनी भिंती बघा. पूर्वेला ओटहाइनरिश या शासकाच्या महालाची, १५५० च्या दशकातली, आता फक्त भिंत, खिडक्यांतून आभाळ दिसतं. उत्तरेला नंतरच्या फ्रीडरिश या शासकाच्या इमारतीची, १६०१ ते १६०७ मधली, राजांच्या पुतळ्यांच्या रांगांसह, आतून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुन्हा सजवलेली. आतले कक्ष फक्त मार्गदर्शकासोबतच, वेगळ्या तिकिटावर बघता येतात. त्यात बरेच जिने आहेत आणि सबंध तास उभं राहणं आहे. तुमच्या बाबांसाठी मी ते वगळेन. हळहळ नको, इथे बाहेरून जे दिसतं त्याच्यापुढे आतलं फिकं आहे.

फ्रीडरिशच्या इमारतीखालच्या बोळातून पलीकडे गेलात की मोठी गच्ची लागते, तिला 'आल्टान' म्हणतात. शहर तिथून पायाशी दिसतं, सुमारे ८० मीटर खाली. आई-बाबांना इथे निवांत बसवा आणि दिवसभर जायचं ते सगळं वरूनच दाखवा: चर्चचा मनोरा, पूल, मोठा सरळ रस्ता, पश्चिमेला ऱ्हाइनचं मैदान. नंतर खाली फिरताना आपण कुठे आहोत हे त्यांना विचारावं लागत नाही.

मोठं पिंप बघायचंच. १७५१ चं आहे, त्यात सुमारे २ लाख २० हजार लिटर वाइन मावायची. फाल्त्समधल्या द्राक्षबागायतदारांकडून कराच्या रूपात येणारी सगळी वाइन त्यात ओतली जाई. चांगली, आंबट, पाणचट, सगळी एकत्र. चवीचं काय होत असेल ते कळलंच. पिंपाच्या माथ्यावर चढायला लाकडी जिना आहे, पण खालून बघितलं तरी अंदाज येतो. बाबांनी खालीच थांबावं. औषधनिर्मितीचं संग्रहालय त्याच तिकिटात आहे. जुन्या बरण्या, खलबत्ते, ऊर्ध्वपातनाची भांडी, अख्खी औषधांची दुकानं उचलून आणून मांडली आहेत. थोड्या पायऱ्या आहेत, पण आईंसाठी ते चुकवू नका. विज्ञान शिकवलेल्या माणसाला तिथून बाहेर काढावं लागतं.

साडेबारापर्यंत वरचं आटपतं. इथे एक मोह होतो: आलोच आहोत तर कोनिगश्टूलच्या माथ्यावरही जाऊ. माझं मत विचाराल तर नको. गाडी बदलणं, वाट बघणं, वरचं फिरणं आणि परत येणं यात दीड-दोन तास जातात. जुन्या डब्यांत पायऱ्यापायऱ्यांची बैठक आहे, आणि सप्टेंबरात मैदानावर धुकट हवा असली की दूरचं काही दिसत नाही. जुन्या रेल्वेचं वेड असेल तर गोष्ट वेगळी.

गाडीने खाली कोर्नमार्क्टला उतरलात की दोन मिनिटांवर बाजारचौक आणि पवित्र आत्म्याचं चर्च. मनोऱ्याला दोनशेवर पायऱ्या आहेत, तो विषय संपला. चर्चच्या आत मात्र जा. आत बाजूंना वर जे सज्जे आहेत तिथे एके काळी 'बिब्लिओथेका पालाटिना' हे युरोपातल्या थोर ग्रंथसंग्रहांपैकी एक होतं. तीस वर्षांच्या युद्धात १६२२ मध्ये कॅथलिक सेनापती टिलीच्या फौजेने शहर घेतलं आणि संग्रह पोपला भेट म्हणून खेचरांवर लादून आल्प्सपार रोमला गेला. त्यातली जर्मन हस्तलिखितं १८१६ मध्ये परत आली, बाकीचा मोठा भाग अजून व्हॅटिकनमध्ये आहे. त्याच चर्चमध्ये १७०६ पासून १९३६ पर्यंत मधोमध भिंत होती. एका बाजूला प्रोटेस्टंट, दुसऱ्या बाजूला कॅथलिक.

जेवणाचं आता बोलू, कारण शाकाहारी लोकांचे हाल इथेच होतात. 'माउलटाशन' हा भरलेल्या पोळीसारखा पदार्थ मेनूवर साधासुधा दिसतो, पण मूळ कृतीत आत खिमा असतो. शाकाहारी प्रकारही मिळतो, विचारून घ्या. 'फ्लामकूखन'वर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. भाज्यांचं सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. 'केझेश्पेत्सले' म्हणजे चीज घातलेल्या शेवयांसारखा पदार्थ, त्यात मांस नाही, पण अंडं आहे. आई-बाबा अंडं खात नसतील तर हे आधीच कळायला हवं. बटाट्याचे 'कार्टोफेलपुफर' साधारणपणे अंडं घालूनच करतात. शाकाहारी म्हटलं की चीज आणि मश्रूम हे तर ठरलेलंच. माझी शिफारस मार्श्टाल चौकातल्या 'त्सॉइगहाउस' या विद्यार्थ्यांच्या खानावळीची. नदीकाठच्या जुन्या शस्त्रागाराच्या इमारतीत ती आहे, पदार्थ मांडलेले असतात, ताटात हवं ते घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. बाहेरच्यांना दर विद्यार्थ्यांपेक्षा जास्त, तरी हाउप्टश्ट्रासे या मुख्य रस्त्यावरच्या हॉटेलांपेक्षा स्वस्त. मुख्य म्हणजे भात, उकडलेल्या भाज्या, सॅलड हे डोळ्यांनी बघून घेता येतं. रविवारी बंद असते, त्या दिवशी येणार असाल तर डबा आणा. बाकावर बसून पोळी-भाजी खाण्याला इथे कोणी नाक मुरडत नाही. पाणी बाटलीत भरून आणा. हॉटेलात पाण्याचे पैसे पडतात आणि न सांगता बुडबुड्यांचं पाणी आणून ठेवतात. स्वच्छतागृहांसाठी सुटे सेंट खिशात हवेत. किल्ल्यावर आणि खानावळीत जाऊन घेतलं तर पुढे शोधाशोध नको.

जेवणानंतर दोन ते चारच्या वेळात बाबांना चालवू नका. नदीवर पाऊणएक तासाची बोटीची फेरी मिळते, ती याच वेळी घ्या. बसून विश्रांती आणि पाण्यावरून शहर, दोन्ही होतं. वरच्या अंगाला नेकारश्टाइनाखपर्यंत, चार किल्ल्यांच्या गावापर्यंत, जाणारी मोठी फेरी सुंदर आहे, वाटेत लॉकमध्ये बोट वर उचलली जाते, पण जाऊन-येऊन तीन तास लागतात. किल्ला आणि ती, दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

विद्यापीठाबद्दल एक अपेक्षा आधीच दुरुस्त करायला हवी. १३८६ मध्ये पहिल्या रुपरेश्टने ते स्थापन केलं, आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं. पण दार, कुंपण आणि मोठं आवार असलेली एक जागा नाही. जुन्या शहरात कायदा, तत्त्वज्ञान, भाषा यांच्या इमारती घरांमध्ये मिसळून गेल्या आहेत. विज्ञान आणि वैद्यक नदीपलीकडे नॉयनहाइमर फेल्डला आहेत, तिथे बघण्यासारखं पर्यटकाला काही नाही. मार्श्टालपासून वर दोन-तीनशे मीटरवर विद्यापीठ चौक लागतो. तिथलं जुनं विद्यापीठ बाहेरून बघा. मागच्या गल्लीत विद्यार्थ्यांचा तुरुंग आहे. रात्री गोंधळ घालणाऱ्या, द्वंद्वयुद्ध खेळणाऱ्या मुलांना विद्यापीठ स्वतःच इथे कोंडत असे, १९१४ पर्यंत. भिंती आणि छत मुलांनी काजळीने आणि रंगांनी रंगवून टाकलं आहे. जिना अरुंद आणि उभा आहे, तेव्हा तुम्ही आणि आई जा, बाबा चौकातल्या बाकावर.

आईंसाठी खरी जागा पुढे आहे. चौकातून हाउप्टश्ट्रासेने, म्हणजे साधारण दीड किलोमीटरच्या त्या वाहनमुक्त सरळ रस्त्याने, पश्चिमेला चालत राहा. डावीकडे 'रीझेन' नावाचं जुनं घर आणि त्याच्या आसपासच बुन्सेनचा पुतळा लागतो. बुन्सेन म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बर्नरचा. त्याला तापवायला चांगली पण जवळजवळ रंगहीन ज्योत हवी होती, कारण ज्योतीचा स्वतःचा रंग मध्ये आला तर क्षारांचा रंग ओळखता येत नाही. सहकारी किर्शहोफने सुचवलं की रंग नुसत्या डोळ्यांनी बघण्याऐवजी लोलकातून पसरवून बघू. १८५९-६० मध्ये दोघांनी वर्णपटावरून मूलद्रव्य ओळखायची पद्धत बसवली आणि तिने पुढच्या वर्षभरात सीझियम आणि रुबिडियम शोधले. सीझियमसाठी डुर्कहाइमच्या झऱ्याचं खनिज पाणी प्रचंड प्रमाणात आटवावं लागलं होतं. याच पद्धतीचं उपकरण घेऊन फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला आपल्याकडे गुंटूरला आला होता. सूर्याच्या वर्णपटातल्या ज्या पिवळ्या रेषेवरून हेलियमचा शोध लागला, तिची कथा त्या ग्रहणापासून सुरू होते. आईंना हे सांगायची गरज पडणार नाही, त्याच तुम्हाला सांगतील.

मराठी माणसाने एक नाव इथे लक्षात ठेवावं: ग्युंथर सोंथायमर. १९६२ मध्ये सुरू झालेल्या इथल्या दक्षिण आशिया संस्थेत ते प्राध्यापक होते. खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा, धनगरांच्या ओव्या हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, आणि त्यासाठी ते महाराष्ट्रात वर्षानुवर्षं हिंडले. १९९२ मध्ये वारले. संस्था बघायला मुद्दाम वाट वाकडी करायची गरज नाही.

आता फिलोझोफेनवेगच्या बदल्यात काय. ती वाट उत्तर काठावरच्या डोंगराच्या कमरेला आहे. तिथवर दोन मार्ग. उत्तर काठावरच्या नॉयनहाइम या वस्तीकडून डांबरी रस्ता, सुरुवातीचा पट्टा चांगलाच खडा. किंवा पुलाच्या टोकापासून 'श्लांगेनवेग', दोन भिंतींमधून वळणं घेत जाणारी पायऱ्यांची आणि दगडांची वाट. एकदा वर पोहोचलं की सपाट आहे, पण वर पोहोचणं आणि विशेषतः श्लांगेनवेगने उतरणं हे बाबांसाठी नाही. व्हिडिओ करणारे वरूनच चित्रण सुरू करतात, त्यामुळे चढ दिसत नाही.

तिथे लोक जातात ते मुख्यतः समोरच्या किल्ल्याचं दृश्य बघायला. तेच दृश्य थोडं खालून, त्याच काठावर, सपाटीवर मिळतं. हाउप्टश्ट्रासेच्या पश्चिम टोकाच्या बिस्मार्कप्लात्स चौकावरून थिओडोर-हॉइस पूल ओलांडा आणि पलीकडे उजवीकडे वळून काठाने पूर्वेला चाला. जुन्या पुलापर्यंत सुमारे एक किलोमीटर. हे साडेपाच ते सातच्या दरम्यान करा. सूर्य पश्चिमेला, म्हणजे तुमच्या पाठीशी असतो, आणि किल्ला, चर्च, पूल समोरून उजळत जातात. दुपारी बारा-एकला उत्तर काठावर उभे राहिलात तर सूर्य किल्ल्याच्या मागे-वर असतो आणि फोटोत काळी आकृती येते. हे दिशेचं गणित आहे, कॅमेरा महाग असून उपयोग नाही. सप्टेंबरच्या मध्यात सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो. याच काठावर एका घरावर कवी मुहम्मद इक्बाल यांच्या नावाची पाटी आहे. १९०७ मध्ये ते जर्मन शिकायला इथे राहिले होते आणि नेकारच्या संध्याकाळवर त्यांनी उर्दूत कविता लिहिली.

शेवटी जुना पूल उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडायचा. आधीचे पूल पूर आणि बर्फाच्या लाटांनी नेले. १७८४ च्या हिमपुराने लाकडी पूल गेल्यावर फाल्त्सचा शासक कार्ल थिओडोरने हा दगडी बांधवला, १७८८ मध्ये पुरा झाला. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच त्याच्या कमानी उडवल्या, दोन वर्षांत पुन्हा उभ्या राहिल्या. मधे किंचित उंचवटा आहे, तेवढाच. दक्षिण टोकाला आरसा धरलेलं कांस्याचं माकड आहे, १९७९ चं, फोटोसाठी रांग लागते, संध्याकाळी कमी.

सगळं मिळून साधारण पाच किलोमीटर चालणं होतं, जवळजवळ सगळं सपाट. बाबांना एवढं झेपेल की नाही हे तुम्हालाच ठरवावं लागेल, कारण ते गुडघ्यांपेक्षा रोजच्या चालण्याच्या सवयीवर आहे. घरी ते सलग किती चालतात ते बघा. दोन किलोमीटरच्या आत थांबत असतील तर दुपारचा हाउप्टश्ट्रासेचा पट्टा कापा: खानावळीनंतर बोट, मग थेट टॅक्सीने उत्तर काठ. तरीही जमण्यासारखं नसेल तर संध्याकाळी फक्त पुलाच्या उत्तर टोकाला जाऊन बाकावर बसा. दृश्य तेच. आणि त्यांना दम लागणं, छातीत जड वाटणं असा त्रास असेल तर ही सगळी आखणी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना विचारा.

वार निवडताना शनिवार टाळा, मंगळवार ते गुरुवार उत्तम. जून, जुलै आणि सप्टेंबरमधल्या एकेका शनिवारी किल्ल्यावर लाल रोषणाई आणि पुलावरून आतषबाजी असते, १६८९ आणि १६९३ च्या आगींची आठवण म्हणून. सप्टेंबरची सहसा महिन्याच्या सुरुवातीलाच होते, म्हणजे तुमच्या तारखांना ती नसावी, तरी पाहून घ्या. त्या संध्याकाळी काठ गच्च भरतात आणि वयस्कर माणसाला बसायला जागा मिळत नाही.

पाऊस असेल तर क्रम तोच, फक्त शेफेल गच्ची वगळून औषध संग्रहालयाला जास्त वेळ द्या, आणि संध्याकाळच्या काठाऐवजी हाउप्टश्ट्रासेवरच्या एखाद्या कॅफेत बसा. परतताना जुन्या पुलाच्या दक्षिण टोकापासून 'राटहाउस/बेर्गबान' थांबा पाच-सात मिनिटांवर आहे, तीच ३३ नंबरची बस स्टेशनला नेते. संध्याकाळी वाहतुकीत ती रेंगाळते, म्हणून गाडीच्या वेळेआधी पाऊण तास पूल सोडा.